मागच्या आसनावरचे दुकान

व्यापाऱ्याच्या घरात पेटी हा शब्द सहसा एकटा येत नाही. गल्ल्याची पेटी, चोपड्यांची पेटी, दागिन्यांची पेटी, सुनेसोबत माहेरहून आलेली पेटी, असे तिचे नाना प्रकार. पेढीवरील बैठी लाकडी पेटी तर बहुतेक घरांत आता माळ्यावर गेली आहे; दिवाळीला तेवढी खाली उतरते, पुसली जाते आणि पुन्हा वर जाते. अशा जुन्या वस्तूंविषयी या सदरातून पुष्कळ लिहून झाले. आज मात्र एका नव्या पेटीविषयी लिहावयाचे आहे. ही पेटी मोटरसायकलवर बसते, आणि ती नवापुरात तयार झाली आहे.

माझ्या भाच्याचे नवापुरात कापड आणि कटलरीचे दुकान आहे. दुकान वडिलोपार्जित, जागा मोक्याची, परंतु गिऱ्हाईक पूर्वीसारखे बाजारात येत नाही. मोबाईलवर मागविलेला माल विसरवाडीलाही पोहोचतो आणि चिंचपाड्यालाही. गेल्या वर्षी भाच्याने ठरविले की गिऱ्हाईक येत नसेल तर आपण जावे. खेड्यांतील लहान दुकानदारांना साड्या, परकर, रुमाल, बांगड्यांची खोकी आणि टिकल्यांची पाकिटे त्यांच्या दारात नेऊन द्यावीत, जुना हिशेब घ्यावा, नवी मागणी लिहून आणावी. आपल्या आजोबा-पणजोबांनी बैलगाडीतून आणि सायकलवरून हेच केले होते. नंतर लूना आली. अहमदनगरच्या फिरोदिया घराण्याने १९७२ मध्ये ती बाजारात आणली, आणि किती लहान व्यापाऱ्यांचा संसार तिच्या पुढच्या पायठेवणीवरील गाठोड्यावर चालला, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

प्रश्न होता तो माल ठेवावयाचा कशात. गाठोडे बांधले तर पावसात भिजते आणि दारोदार सोडून पुन्हा बांधण्यात दिवस जातो. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्या शिरस्त्राण ठेवण्यासाठी घडविलेल्या असतात. त्या आतून गोल असतात आणि घडी घातलेली साडी चौकोनी असते. कोपऱ्या-कोपऱ्यातून जागा वाया जाते, आणि व्यापाऱ्याला वाया गेलेली जागा सलते. परदेशी चित्रांतून दिसणाऱ्या चामड्याच्या झोळ्या आपल्या घरात येणे नाही. पत्र्याची पेटी उन्हात तापते, रस्त्याने खडखडते, आणि थंडीत तिच्या आतल्या अंगाला घाम धरला की त्याचा डाग नेमका सर्वांत महाग साडीवर पडतो. राहता राहिले लाकूड.

लाकडाच्या बाबतीत नवापूरकराला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. एका अंगाला सातपुड्याच्या रांगा, दुसऱ्या अंगाला डांगचे जंगल, मध्ये रंगावली नदी. सागवान हा येथील जुना व्यवहार आहे. डांगचे साग इतके नावाजलेले की जहाजबांधणीला लागणाऱ्या लाकडासाठी इंग्रजांनी १८४२ मध्ये तेथील भिल्ल राजांकडून जंगल पट्ट्याने घेतले. पुढे सुरत-भुसावळ हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग झाला आणि लाकडाला वाट मिळाली. त्या मार्गावरील आमचे नवापूर स्थानक १९६० मध्ये राज्ये वेगळी झाल्यावर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत राहिले, हे आता साऱ्या देशाला ठाऊक आहे. फलाटावरील एका बाकावर दोन राज्ये बसतात. परंतु सागवान आज पूर्वीसारखे मुक्त नाही, आणि ते योग्यच आहे. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात दिलेल्या आदेशानंतर वृक्षतोड आणि करवतीच्या गिरण्या यांवर जी शिस्त आली, तिची झळ वखारवाल्यांनी सोसली आणि जंगलाने थोडा श्वास घेतला. आता नवे सागवान घ्यावयाचे तर वनखात्याचा वाहतूक परवाना पाहूनच घ्यावे. भाच्याने त्याहून चांगली वाट काढली. गावातील एक जुने घर पाडले जात होते. त्याच्या माडीच्या तुळईतून निघालेले चार तुकडे त्याने रीतसर पावती घेऊन विकत घेतले. पन्नास-साठ वर्षे छपराखाली सुकलेले ते लाकूड. त्याने जे वाकावयाचे ते केव्हाच वाकून घेतले होते.

येथपर्यंत सारे सोपे होते. मिस्त्री आले, त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "शेठ, सहा सूत जाडीच्या फळीची करू. नातवंडे वापरतील." अशा वाक्याने कोणाही व्यापाऱ्याचे मन भरून येते. भाचा त्याच वेळी होकार देणार होता. परंतु त्याची पत्नी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे आणि दुकानाचे जमाखर्च तीच पाहते. ती म्हणाली, "अहो, पेटीचे वजन किती होईल, ते आधी काढा." मग त्या दोघांनी आणि मी मिळून जो हिशेब मांडला, तो येथे द्यावासा वाटतो, कारण या कामातला सगळा जीव त्या हिशेबात आहे.

पेटीचे बाहेरील माप लांबी ५० सेंटिमीटर, रुंदी ४५ आणि उंची ४० असे धरले. सहा बाजूंचे क्षेत्रफळ होते सुमारे १.२१ चौरस मीटर. सुकलेल्या सागवानाचे वजन घनमीटरला साधारण ६५० किलो. सहा सूत, म्हणजे पाऊण इंच जाडीची फळी वापरली, तर नुसती रिकामी पेटी १५ किलोंच्या घरात जाते. चार सूत वापरली तरी जवळजवळ १० किलो. आणि सागवानाची केवळ चौकट करून, तिला दोन सूत जाडीच्या प्लायवुडचे अंग लावले, तर सारे मिळून सहा-साडेसहा किलोंत भागते.

आता दुसरी बाजू. गाडीच्या पुस्तिकेत तिने वाहावयाचा एकूण भार लिहिलेला असतो आणि त्यात चालकही मोजलेला असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समजा पुस्तिकेत १३० किलो आहे. चालक, त्याचे शिरस्त्राण आणि रेनकोट मिळून ७२ किलो. उरले ५८. पेटी बसविण्याचा लोखंडी सांगाडा ५ किलो. उरले ५३. पंधरा किलोंची पेटी ठेवली तर मालाला ३८ किलो राहतात. हलकी पेटी ठेवली तर साडेसेहेचाळीस. फरक साडेआठ किलोंचा. सुरतेची साधी साडी अर्धा किलोच्या आतबाहेर धरली, तर प्रत्येक फेरीत सोळा-सतरा साड्यांची जागा जाड फळीने खाल्ली असती. मिस्त्रींनी हे ऐकले, क्षणभर पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "मग चौकटच करू." कारागीर खरा असला म्हणजे आकडा त्याला अपमान वाटत नाही.

वाचकांपैकी कोणी म्हणेल की लाकडाचा आणि मोटरसायकलचा संबंधच काय. संबंध जन्मापासूनचा आहे. गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्ये जर्मनीत जी पहिली पेट्रोल-मोटरसायकल बनविली, तिचा सांगाडा लाकडी होता आणि चाकेही लाकडी. त्यांचा मुलगा पाउल ती घेऊन कानश्टाटहून उंटरटुर्कहाइमला निघाला, तेव्हा खालच्या तापलेल्या नळीमुळे बैठकीने पेट घेतला, अशी नोंद आहे. लाकूड आणि यंत्राची उष्णता यांत अंतर राखले पाहिजे, हा धडा त्या पहिल्याच फेरीत मिळाला. आपल्याकडील बहुतेक साध्या गाड्यांचा सायलेन्सर उजव्या अंगाला असतो. म्हणून ज्यांना दोन्ही बाजूंना लोंबत्या पेट्या करावयाच्या असतील त्यांनी उजवीकडील पेटी पुरेशी वर घ्यावी आणि तिच्या तळाला, दोन बोटे पोकळी सोडून, ॲल्युमिनियमचा पत्रा लावावा. पत्रा लाकडाला चिकटवून लावल्यास उपयोग नाही. खरे काम मधली हवा करते. डावीकडे साडीगार्ड आणि पायठेवणी असते, ती काढून टाकण्याचा मोह मिस्त्रीला होतो. ती काढू देऊ नये. आमच्या भाच्याने बाजूच्या पेट्यांचा विचारच सोडला. खेड्यातील बाजाराच्या दिवशी गर्दीतून गाडी काढताना रुंदी नडते, आणि ज्याला लागते तो सहसा आपलाच गिऱ्हाईक असतो.

पेटी कोठे बसवावी, यावर मात्र वाद झाला. गाडीच्या शेपटीमागे लोखंडी सांगाडा वाढवून त्यावर पेटी ठेवण्याची रीत आहे. त्यात मागचे आसन मोकळे राहते. पण तागडी हाताळणाऱ्या माणसाला त्यातला दोष लगेच कळेल. मागच्या चाकाचा आस हा तागडीचा काटा समजा. आसाच्या मागे सुमारे २५ सेंटिमीटरवर पेटीचा मध्य आला आणि पेटी मालासह ४० किलोंची झाली, तर सव्वा मीटर अंतरावरील पुढच्या चाकावरून ८ किलो भार उचलला जातो. सपाट रस्त्यावर ते जाणवणारही नाही. पण धुळ्याकडे जाताना कोंडाईबारीचा घाट लागतो. चढावर पुढचे चाक आधीच हलके झालेले असते, वळणावर समोरून ट्रक येतो, आणि हँडल फिरविले तरी चाक रस्त्याला धरत नाही. त्या घाटाने कोणाकोणाच्या घरातले माणूस नेले, याची आठवण आमच्या भागात ताजी असते. भाच्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, एवढेच विचारले, "मागे बसणाऱ्या माणसाच्या जागीच का नाही बसवीत ती पेटी? गाडी करणाऱ्याने तेथे माणूस धरूनच गाडी केली असेल ना?"

तिला यंत्रशास्त्र ठाऊक नाही, परंतु बोलली ती नेमके. मागच्या आसनाच्या जागी ठेवलेल्या पेटीचा मध्य आसाच्या किंचित पुढे येतो आणि भार दोन्ही चाकांत वाटला जातो. सरकारी नियमही याच दिशेने आहे. केंद्राने मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीप्रमाणे दुचाकीवर हलकी पेटी लावता येते. तिची लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलीमीटरपेक्षा अधिक असू नये, आणि ती मागच्या आसनाच्या जागी असेल तर मागे कोणी बसू नये. आमची पेटी त्या मापांच्या आत बसते. कोणी म्हणेल, उंचीला अजून १० सेंटिमीटर शिल्लक होते, ते का सोडले. सोडले, कारण जागा असली की ती भरली जाते. परिग्रहाचे परिमाण आपण व्याख्यानात पुष्कळदा ऐकतो. ते सेंटिमीटरमध्ये मांडण्याची वेळ क्वचित येते.

पण त्या नियमातून एक घरगुती प्रश्न उभा राहिला. घरात गाडी एकच. मागे पेटी बसली की सूनबाईंचे बसणे संपले. मंदिरात जाणे, मुलाला डॉक्टरकडे नेणे, उच्छलला माहेरी जाणे, सारे त्याच आसनावर होत असे. तिने तक्रार केली नाही, फक्त म्हणाली, "रविवारी तरी माझी जागा मला परत मिळेल का?" पेटी निघती करावयाचे ठरले ते त्या वाक्यामुळे, आणि मला वाटते या पेटीतील सर्वांत हुशारीची गोष्टही त्यातूनच आली. मिस्त्रींनी पेटीच्या तळाला चार भोके पाडली. खालच्या लोखंडी सांगाड्यावर चार बोल्ट वर तोंड करून पक्के केले. पेटी त्यांवर बसते आणि नट आतल्या बाजूने हाताने आवळले जातात. पाना लागत नाही. झाकणाला कुलूप घातले की नट कोणाला दिसतही नाहीत आणि पेटी चोरता येत नाही. काढताना झाकण उघडावे, चार नट फिरवावेत, पेटी उचलून दुकानात ठेवावी, सांगाड्याचे दोन बोल्ट सोडून आसन पुन्हा चढवावे. पंधरा मिनिटांचे काम आहे. पेटी हलकी असल्याने एकटी स्त्रीही ती उचलते.

घडणीविषयी दोन-तीन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. चौकटीच्या कोपऱ्यांत मिस्त्रींनी खिळा मारला नाही. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसे पटाशीने दाते कापून सांधे बसविले. मोटरसायकलची थरथर खिळ्याला महिनाभरात ढिला करते, दात्याला नाही. प्लायवुड घेताना साधे घेऊ नये. पावसात टिकणारे, आयएस ७१० हे मानक छापलेले मरीन प्लाय घ्यावे. कापलेल्या कडांतून पाणी शिरते म्हणून कडा रंगाने बंद कराव्यात. झाकण पेटीच्या चारही अंगांनी दोन बोटे खाली उतरले पाहिजे आणि त्याला मागे किंचित उतार हवा. आमच्या भागातला पाऊस सरळ पडत नाही, तो आडवा येतो. पेटी आणि सांगाडा यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवावेत. बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा पितळी असल्यास उत्तम. गंजाची भीती नाही, आणि थोडी शोभाही येते. ती शोभा मी भाच्याला माफ केली.

आता एका अशा गोष्टीकडे येतो की जिच्यासाठी हा लेख मी याच मासिकासाठी राखून ठेवला. लाकडाची वस्तू आपण निर्दोष समजतो. आपल्या आजोबांच्या काळातील लाकडी पेटी खरोखर तशी होती का? तिचे सांधे सरसाने जोडलेले असत, आणि सरस म्हणजे जनावरांची कातडी, हाडे व खूर उकळून काढलेला गोंद. तिची झिलई चपड्याची, म्हणजे लाखेची असे, आणि लाख हे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्यांचे द्रव्य. एकेकाळी प्लायवुडच्या थरांतही रक्तातील अंशाचा किंवा दुधातील केसीनचा गोंद वापरीत. ज्या पेटीत पूजेची वस्त्रे ठेवली जात, तिच्याही सांध्यात हे असे. त्यात त्या पिढीचा दोष काढण्याचे कारण नाही. तेव्हा दुसरा गोंदच नव्हता. सुताराच्या शेगडीवरून सरसाचे ते भांडे उतरविण्याचे श्रेय पुष्कळसे महुव्याचे बळवंतराय पारेख यांना आहे. वकिलीचे शिक्षण घेतलेला हा माणूस मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत नोकरीला होता. पुढे १९५९ मध्ये त्यांच्या कारखान्याने फेव्हिकॉल हा पांढरा कृत्रिम गोंद आणला, आणि सरस उकळण्याची दुर्गंधी व दगदग कारागिराच्या आयुष्यातून गेली. त्यांच्या मनात सुताराची सोय होती. आपल्यासारख्यांची मात्र एक अडचण त्यातून आपोआप दूर झाली. आजच्या मरीन प्लायमध्येही गोंद फिनॉलपासून केलेला कृत्रिमच असतो.

झिलईचा प्रश्न उरतो, कारण फ्रेंच पॉलिश म्हणून आजही चपडाच दिला जातो आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. भाच्याने विचारले. मिस्त्रींनी मग जवसाचे पक्के तेल दिले. तीन हात, प्रत्येक हातानंतर दोन दिवस वाळवून. सागवानाचा रंग त्याने असा उघडतो की दुसरे काही लावावेसे वाटत नाही. येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती वाळताना आपोआप तापते आणि पेटही घेते. कापडाच्या दुकानात याचा अर्थ काय होईल, ते सांगावयास नको. चिंध्या उलगडून उघड्यावर दोरीवर वाळत घालाव्यात, किंवा पाण्यात बुडवून मग टाकाव्यात.

पेटीच्या आत तीन खण आहेत. जड कटलरी तळाशी आणि चालकाच्या पाठीकडे, साड्या वर. उजव्या कोपऱ्यात डब्याची आणि पक्क्या पाण्याच्या बाटलीची जागा. भाचा चौविहार पाळतो, त्यामुळे सूर्यास्ताच्या आत घरी परतणे त्याला भागच असते. घाटातून अंधारात गाडी चालविण्याचा प्रसंग त्यामुळे येत नाही, यात माझ्या बहिणीचा फार मोठा आनंद आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला कापडी खिसा शिवला आहे. त्यात बिले, विम्याचा कागद आणि मागणीची वही. सीमेवरच्या गावात राहावयाचे तर हा खिसा हवाच. उच्छल आपल्याला शेजारचे गाव वाटते, परंतु तेथे गेलेला माल दुसऱ्या राज्यात गेलेला असतो. पन्नास हजारांहून अधिक किमतीचा माल असेल तर ई-वे बिल लागते. नसेल तरी बिल जवळ असावे.

भाचा फेरीला निघताना ३५ किलोंहून अधिक माल भरीत नाही. उरलेला वाव परतीसाठी ठेवलेला असतो. न खपलेला माल कोणी परत देतो, आणि हंगामात एखादा दुकानदार हिशेबापोटी तूर देतो. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ती घ्यावयास सुरतेचे पाहुणेही मागे नसतात. दर शनिवारी संध्याकाळी सूनबाई स्वतः सांगाड्याचे बोल्ट पान्याने आवळून पाहतात. पहिल्या महिन्यात दोन ढिले निघाले होते. मग मिस्त्रींनी नायलॉनच्या कड्याचे नट घातले, आणि त्यानंतर तक्रार आलेली नाही.

पेटीला पाहून गावातील एका औषधविक्रेत्याने आणि एका वह्या-पुस्तकांच्या दुकानदाराने मिस्त्रींना बोलाविले आहे. दुसऱ्याला उंची ५० सेंटिमीटर हवी आहे, कारण नियमात तेवढी बसते. मिस्त्रींनी अजून होकार दिलेला नाही. आधी त्यांनी त्याला वह्यांचे एक खोके तागडीवर ठेवून आणावयास सांगितले आहे.